खुर्चीचा सरळ पाय

ज्यानें सारा जन्म मास्तरकींत घालविला, त्याच्या मनांत विद्यार्थ्यांचे कांहीं प्रश्न कायमचें घर करून राहतात. त्यांतला एक आज मी आपणांपुढें ठेवणार आहें. एकदां एका सुताराच्या मुलानें माझ्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलें, "मास्तर, खांब खालीं जाड आणि वर बारीक असतो, मग ह्या खुर्चीचे पाय वर जाड आणि खालीं बारीक कां?" मला उत्तर ठाऊक नव्हतें. तसें कबूल करण्याचा धीर मात्र झाला नाहीं. "धड्याकडे लक्ष दे," असें दरडावून मीं त्याला खालीं बसविलें. सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, आणि त्या प्रश्नाचा माग काढीत मी पुस्तकांतून थेट अठराव्या शतकांतील पॅरिस व लंडन शहरांत जाऊन पोहोंचलों.

त्या शतकाच्या पूर्वार्धांत, फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या दरबारांत, सरळ रेषेला जणूं मज्जावच होता. खुर्चीचा पाय बकरीच्या मागच्या पायासारखा वांकलेला, पाठीची चौकट वेलीसारखी वळलेली, मेजाची कड लाटेसारखी. ह्या शैलीला रोकोको म्हणतात. तिच्यांत लालित्य खरेंच होतें. पण पक्वान्नही रोज ताटांत आलें कीं त्याचा वीट येतो, तसें झालें. नेमक्या त्याच सुमारास इटलींत जमिनीखालून एक जुनें जग वर आलें. इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हिअस ज्वालामुखीनें गाडलेल्या दोन रोमन नगरांपैकीं हर्क्युलेनियमचें उत्खनन १७३८ सालीं, व पाँपेईचें १७४८ सालीं सुरू झालें. कलावंतांची रीघ तिकडे लागली. रॉबर्ट ॲडम हा स्कॉटिश शिल्पज्ञ १७५५ पासून १७५७ पर्यंत इटलींत राहिला. पलीकडच्या किनाऱ्यावर स्पालाटो येथें असलेल्या डायोक्लेशियन बादशहाच्या राजवाड्याचीं मोजमापें घेऊन त्यानें त्यांवर १७६४ सालीं एक मोठा ग्रंथ काढला. त्याच वर्षीं विंकेलमान ह्या जर्मन पंडिताचा प्राचीन कलेचा इतिहास प्रसिद्ध झाला. ग्रीक व रोमन कलेचा जो नवा आदर ह्यांतून उत्पन्न झाला, त्यालाच आपण नव-अभिजात शैली म्हणूं.

पण येथें सुतारांपुढें एक अडचण उभी राहिली. दगड टिकतो, लाकूड कुजतें किंवा जळतें. प्राचीनांचीं मंदिरें दिसत होतीं, त्यांचें लांकडी सामान मात्र जवळजवळ नाहींसें झालेलें. तेव्हां ह्या कारागिरांनीं खुर्चीसाठीं मंदिराकडून उसनवारी केली. खांबांवरच्या उभ्या पन्हळी खुर्चीच्या पायांवर आल्या. कलश, फुलापानांचीं तोरणें, लॉरेल वृक्षाच्या पानांचे हार, काटकोनांत वळत जाणारी ग्रीक नक्षी, हें सारें इमारतींवरून मेजांवर व कपाटांवर उतरलें. फ्रान्समध्यें खुर्चीची पाठ चौकोनी वा लंबवर्तुळ झाली; इंग्लंडांत ती ढालीच्या आकाराचीही झाली. पाय सरळ झाले.

आणि येथेंच मला त्या मुलाचें उत्तर सांपडलें. खांबावर छताचा भार सरळ खालीं येतो, म्हणून त्याची बैठक रुंद असणें योग्य. खुर्चीचें तसें नाहीं. बसणारा मनुष्य मागें रेलतो, पुढें झुकतो, बसल्याबसल्या खुर्ची ओढतो. हा सगळा ताण जेथें पाय बैठकीच्या चौकटीला मिळतो, त्या सांध्यावर सर्वांत अधिक पडतो. लाकूड तेथें भरपूर हवें. खालीं तें कमी केलें तरी चालतें, वजन घटतें, आणि डोळ्यांनाही खुर्ची हलकी वाटते. फ्रेंच कारागीर तर त्या सांध्यावर मुद्दाम चौकोनी ठोकळा ठेवून त्याच्यावर लहानसें फूल कोरीत. शिवाय सरळ पायांत लाकडाचा रेषा वरपासून खालपर्यंत अखंड राहतो. वांकड्या पायांत तो मध्येंच तुटतो व लाकूडही फार वायां जातें. म्हणजे ह्या लोकांनीं प्राचीन खांबाचें रूप घेतलें, परंतु तो खुर्चीखालीं बसवितांना उलटा केला. अनुकरण करावें तर असें डोळस करावें.

ह्या कारागिरांची कथा मात्र सुखाची नाहीं. झां-आंरी रीझनेर हा जर्मनींत जन्मलेला सुतार पॅरिसला आला. त्याचा उस्ताद ओबेन ह्यानें १७६० सालीं पंधराव्या लुईसाठीं सुरू केलेलें सरकत्या झांकणाचें मेज त्यानें १७६९ सालीं पुरें केलें. तें आज व्हर्सायच्या राजवाड्यांत आहे. १७७४ सालीं तो राजाचा सुतार झाला. पुढें राज्यक्रांति झाली आणि १७९३ सालीं राजवाड्यांतील सामानाचा लिलाव पुकारला गेला. पुन्हां विकतां येईल ह्या आशेनें रीझनेरनें आपल्याच हातच्या वस्तु तेथें विकत घेतल्या. परंतु अभिरुचि बदलली होती, गिऱ्हाईक आलें नाहीं. इंग्लंडांत टॉमस शेरॅटन हा सुतार इतर सुतारांना भूमिति व चित्रण शिकवी. त्याचें नमुन्यांचें पुस्तक १७९१ पासून १७९४ पर्यंत भागाभागानें निघालें व त्यावरून असंख्य खुर्च्या झाल्या. पण निश्चितपणें त्याच्याच हातची म्हणतां येईल अशी एकही वस्तु दाखवितां येत नाहीं. रीझनेर आणि शेरॅटन दोघेही १८०६ सालीं, विपन्नावस्थेंत वारले.

आणखी एक गोष्ट सांगितली नाहीं तर हिशेब अपुरा राहील. इंग्लंडनें १७२१ सालीं वसाहतींतील लाकडावरील जकात उठविली, आणि वेस्ट इंडीज व होंडुरासच्या किनाऱ्यावरून महोगनी येऊं लागली. तीं झाडें तोडणारे हात गुलामांचे होते. त्या झिलईदार मेजांत आपलें प्रतिबिंब पाहणाऱ्यांना ते हात दिसले नाहींत; आपण तरी ते विसरूं नयेत.

ह्या नमुन्यांची लाट आपल्या देशापर्यंतही आली. विशाखापट्टणचे कारागीर इंग्रजी धर्तीच्या खुर्च्या व पेट्या करून त्यांवर हस्तिदंत जडवीत. मुंबईचा टाउन हॉल १८३३ सालचा. एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय तेथेंच आहे. तीस पायऱ्या चढून त्याच्या ग्रीक पद्धतीच्या खांबांपाशीं जा, आणि घरीं परतल्यावर आपल्या खुर्चीच्या पायावरून एकदां हात फिरवून पाहा. तो खालीं निमुळता होत गेला असेल, तर त्याचें कारण आतां आपणांस ठाऊक आहे.

तो विद्यार्थी आज कोठें आहे, मला माहीत नाहीं. कदाचित् तो बापाच्या धंद्यांत शिरला असेल, आणि रंधा चालवितांना हें उत्तर त्याच्या हातांनींच त्याला केव्हांच दिलें असेल. तरी माझें देणें मला फेडलेंच पाहिजे. बाळ, तुझा प्रश्न योग्य होता. त्या दिवशीं खालीं बसावयास हवें होतें तें मीं.