आजीची कॉट कोठे ठेवावी?

(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘महानगरातील लहान घर’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. विषय कानांवर पडताच आमच्या घरातून अभिप्राय आला, की यावर भाषण कशाला हवे? सभासदांना घरी बोलावून दाखवले म्हणजे झाले. फक्त एका वेळी चौघांनीच आत यावे. अभिप्राय देणाऱ्या व्यक्तीने चाळीस वर्षे त्या घरात स्वयंपाक केला असल्यामुळे तो आम्ही मुकाट्याने ऐकून घेतला.

तांबरमला आपल्यापैकी फारच थोडे लोक आवडीने आले. पूर्वी लोक येथे येत ते हवेसाठी. १९२८ साली येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. क्रोमपेटच्या पुढच्या स्टेशनाला त्यावरूनच ‘तांबरम सॅनटोरियम’ हे नाव आहे. शहरातल्या कोंदट खोल्यांत जडलेला रोग येथल्या मोकळ्या वाऱ्यावर बरा व्हावा, ही त्यामागची कल्पना. आम्ही आलो तेव्हा आमचाही रोग कोंदट खोलीचाच होता, पण आम्ही औषध शोधले ते भाड्यात. कोणी रेल्वेत, कोणी हवाई दलात, कोणी बँकेत. बदलीचा हुकूम हातात, दोन ट्रंका, एक वळकटी, आणि मद्रासचे घरमालक दहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागत होते. ‘अॅडव्हान्स’ हा तमिळ मुलखात आपण शिकलेला पहिला शब्द, असे म्हटले तरी चालेल. (२०१७ च्या नव्या भाडेकायद्याने, वेगळा करार नसेल तर, ही रक्कम तीन महिन्यांच्या भाड्यावर आणली. आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा लाभ मिळाला नाही, कारण तोवर आपण स्वतःच घरमालक झालो होतो!) मग मीटरगेजच्या विजेच्या गाडीने, जी १९३१ पासून बीच ते तांबरम धावत होती आणि २००४ साली जी कायमची थांबली, आम्ही एकेक स्टेशन मागे टाकत गेलो. मांबळम, सैदापेट, गिंडी, पल्लावरम. जेथे भाडे खिशाला पेलले तेथे उतरलो. मुंबईकरांनी डोंबिवली गाठली ती याच हिशेबाने. शहर जागा देत नाही, ते अंतर देते. जागा आपण त्या अंतरातून रोज दोन-अडीच तास मोजून विकत घेतो.

परंतु तांबरमला येण्यापूर्वी आमच्यापैकी कित्येकांनी तिरुवल्लिक्केणी किंवा मैलापूर येथे एक-दोन वर्षे काढली होती. तेथला एक तमिळ शब्द आज मुद्दाम आठवून देतो: ‘ओण्डुक्कुडित्तनम’. ओण्डणे म्हणजे अंग चोरून कोणाच्या आडोशाला टेकणे, आणि कुडित्तनम म्हणजे संसार. एका जुन्या घराचे पाच-सहा भाग पाडायचे, प्रत्येक भागात एक बिऱ्हाड. विहीर सर्वांची, नळ सर्वांचा, मधला उघड्या आभाळाचा चौक सर्वांचा. आपल्याकडे ‘बिऱ्हाडकरू’ म्हणतात, पण त्या शब्दात हे अंग चोरणे नाही. त्या घरांच्या पुढच्या बाजूस एक दगडी किंवा गिलाव्याचा ओटा असे, त्याला तिण्णै म्हणत. घरात पाहुण्यांना टेकायला जागा नाही, पण तिण्णैवर कोणीही टेकावे. दुपारी त्यावर म्हातारी माणसे, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रात्री अंथरुणे. भाड्याच्या पावतीवर मात्र फक्त आतली खोली असे.

आपल्यापैकी जे मुंबईहून आले त्यांना हे चित्र परके वाटले नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. पुढे १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उठवल्या. दोनशे सात इमारती, आणि एकेक खोली एकशेसाठ चौरस फुटांची. त्या एका खोलीत गिरणीकामगाराचे कुटुंब, गावाकडून आलेला भाऊ, शिवाय एखादा भाचा. चाळीचे गोडवे गाण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ‘बटाट्याची चाळ’ने ती अधिकच गोड केली. आम्हांला त्यात पूर्ण भाग घेता येत नाही. पहाटे सार्वजनिक संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभे राहणारी सासुरवाशीण, खोकणाऱ्या माणसाशेजारी झोपणारी मुले, नवविवाहितांसाठी सिनेमाला पाठवली जाणारी सगळी मंडळी, यांत गोड काय आहे? डॉ. आंबेडकरांचे बिऱ्हाड १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत होते. पुढे दादरला ‘राजगृह’ बांधले तेव्हा त्यांनी ग्रंथांसाठी प्रशस्त जागा ठेवली. लहान खोलीत काय दडपले जाते, हे ज्याने सोसले आहे तोच अशी जागा ठेवतो.

तरीही चाळीला आणि ओण्डुक्कुडित्तनमला एक गोष्ट साधली होती. खोली अपुरी होती, पण तिच्या दाराबाहेर जागा होती. चाळीची गॅलरी, येथली तिण्णै. गॅलरीत आजी बसे. तिची कॉट खोलीत मावत नसे, तरी आजी घरात मावत असे.

आणि आम्ही बांधले ते फ्लॅट. यात आमची चैन नव्हती. संडास घरात हवा होता, नळाला तोटी स्वतःची हवी होती, मुलीला अभ्यासाला दार लावून घेता यायला हवे होते. हे सगळे मिळाले. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा त्यांना कोणी गॅलरीच्या आठवणी सांगितल्या असत्या तर त्यांनी सांगणाऱ्याला जिना दाखवला असता, आणि ते योग्यच झाले असते. हाँगकाँगात तर एकेका फ्लॅटचे तुकडे करून भाड्याने देतात. तेथे २०२५ साली कायदा करावा लागला, की तुकडा निदान आठ चौरस मीटरांचा तरी असावा. आठ चौरस मीटर म्हणजे जेमतेम शहाऐंशी चौरस फूट. बीडीडीची खोली त्यापुढे दिवाणखानाच.

फ्लॅटच्या हिशेबात शब्द फार. कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप. २०१६ च्या रेरा कायद्यानंतर बिल्डरला कार्पेटचा आकडा सांगावा लागतो हे बरे झाले, नाही तर आपण जिना आणि लिफ्टची विहीरसुद्धा झोपण्याच्या खोलीच्या भावाने घेत होतो. तामिळनाडूत खरेदीखतात जमिनीतील अविभक्त हिश्शाचाही आकडा असतो. एकत्र कुटुंब गेले. अविभक्त म्हणून उरला तो एवढाच. या सर्व आकड्यांत जी जागा कोठेच धरलेली नाही ती म्हणजे दाराबाहेरची. जिन्यात चपलांचे कपाट ठेवले तरी असोसिएशनची नोटीस येते, मग खुर्ची टाकून बसणारी म्हातारी कोणाला चालणार?

आता मुद्द्यावर येतो. आपली मुले आज शोळिंगनल्लूरच्या बाजूला, बेंगळूरला, पुण्याला, मुंबईला नोकऱ्या करतात. पगार आमच्या वेळच्या मानाने डोळे दिपवणारे, आणि घर एका शयनगृहाचे. कित्येकांचे तर तेवढेही नाही. एकच खोली, तिलाच ‘स्टुडिओ’ म्हणायचे. सोफा उघडला की पलंग, भिंतीतून काढले की टेबल. त्यात नवरा, बायको, एक मूल आणि घरून चालणारे ऑफिस. सून वाईट नाही, मुलगा वाईट नाही. दोघेही आईला मनापासून ‘या’ म्हणतात. आई येते, पंधरा दिवस राहते. रात्री सोफ्यावर झोपते म्हणून मुलगा स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसतो, हे तिच्या लक्षात येते, आणि मग तिला अचानक गावाकडच्या घराला पाणी लागल्याची आठवण होते. तिकीट काढले जाते. भांडण नाही, रुसवा नाही. घर लहान असले की पहिली जागा जाते ती आजीची, आणि ती जाताना आवाजही होत नाही.

आमच्या मते तिच्यामागून जी वस्तू जाते ती भाषा. तंजावरकर मंडळींकडे पाहा. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतले, १८५५ साली ते राज्य खालसा झाले. राजाश्रय जाऊन एकशेसत्तर वर्षे झाली. शाळेत तमिळ, कचेरीत इंग्रजी, पत्रे तमिळ लिपीत, आणि तरी त्या घरांत आजही मराठी बोलली जाते. तमिळ शब्द मिसळलेली, आपल्याला प्रथम ऐकताना हसू येईल अशी, पण मराठीच. त्यांच्याकडे कोणते मराठी मंडळ होते? आमचा तर्क असा, की त्यांच्याकडे मोठी घरे होती आणि त्या घरांत म्हाताऱ्या होत्या. आपल्याकडे मंडळ आहे, बालवर्ग आहे, गणेशोत्सवात मुलांची नाटुकली आहेत. पण नातू आजीला ‘आय अॅम फाइन’ म्हणून फोन आईकडे देतो. फोनवरची आजी जेवलास का विचारते आणि तेथेच संपते. भाषा शिकली जाते ती भाजी निवडताना, दृष्ट काढताना, रागावून घेताना, आणि रात्री दिवा मालवल्यावर. त्यासाठी आजी त्याच छपराखाली झोपावी लागते. निदान त्याच गल्लीत तरी.

जागेचे शास्त्र मात्र मोठे विलक्षण आहे. १ आणि २ डिसेंबर २०१५ च्या रात्री अड्यारला पूर आला, मुडिचूर आणि वरदराजपुरमचा परिसर पाण्याखाली गेला, तळमजल्यावरची घरे बुडाली. त्या रात्री पश्चिम तांबरममध्ये पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या पाचशे-सहाशे फुटांच्या घरांत किती माणसे होती, याची मोजदाद कोणी केली नाही. आमच्या माहितीच्या एका घरात सोळा होती. तमिळ, तेलुगू, मराठी. दोन तान्ही मुले आणि एक पोपट. वीज नाही, पाणी पावसाचे. चार दिवस राहिली. त्या घरात पूर्वी कधी तिघे पाहुणे आले तरी ‘कोठे झोपवायचे’ म्हणून चर्चा होत असे.

तेव्हा आमची सूचना पुढीलप्रमाणे आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून मंडळाचे स्वतःचे सभागृह व्हावे, असा काहींचा आग्रह आहे. सभागृहाला आमचा विरोध नाही. मात्र तांबरमला २०२१ साली महापालिका झाली, पाठोपाठ जमिनीचे भावही महापालिकेचे झाले, आणि आपला निधी अजून नगरपालिकेच्या काळातला आहे. सभागृह होईल तेव्हा होवो. पण एक काम असे आहे, की ज्याला निधी लागत नाही.

या सभेत बसलेल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींकडे पाहा. ज्या दोन खोल्यांच्या घरांत आम्ही मुले वाढवली, त्या घरांत आज नवरा-बायको दोघेच राहतात. कित्येक ठिकाणी एकच. मुलांची खोली बंद आहे; तीत जुने मासिकांचे गठ्ठे, शिवणयंत्र आणि न लागणारी सायकल. आणि येथून तासाभराच्या अंतरावर, ओल्ड महाबलिपुरम रोडवर, आपलीच तरुण मराठी कुटुंबे एका खोलीत आईवडिलांना कोठे झोपवावे या विवंचनेत आहेत. एकीकडे रिकामी खोली, दुसरीकडे बेघर आजी. मंडळाने या दोघांची गाठ घालून द्यावी. सांगलीची आजी तीन महिने तांबरमला आमच्यासारख्यांकडे उतरेल. शनिवार-रविवारी नातू येथे येईल, मधल्या वारी सून तिला घेऊन जाईल, थकली की आजी परत आपल्या कॉटवर. हॉटेल नव्हे, वृद्धाश्रम तर नव्हेच.

अडचणी आम्हांस दिसतात. ‘मुलगा असताना परक्याच्या घरी’ हे ऐकायला कानाला बोचते. पहिली एक-दोन जणी येऊन गेल्याखेरीज ते बोचणे जाणार नाही. औषधपाण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी लिहून ठेवावे लागेल. आमच्या मते ती मुलाचीच असावी आणि डॉक्टरचा फोन नंबर दाराला लावलेला असावा. भाडे घेऊ नये. भाडे घेतले की ती भाडेकरू झाली, आणि अॅडव्हान्सचा विषय निघालाच.

यासाठी एक वही केली आहे. ती आज भोजनगृहाच्या दाराशी कार्यवाहांच्या टेबलावर आहे. रकाने साधे आहेत: परिसर, मजला, लिफ्ट आहे की नाही, कमोड आहे की नाही, कांदालसूण चालते की नाही, आणि कोणत्या महिन्यांत खोली रिकामी आहे. पहिली नोंद आम्ही करून ठेवली आहे. सेलैयूर, पहिला मजला, लिफ्ट नाही, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, कमोड आहे, कांदालसूण चालते, बारा महिने. सायकल येत्या रविवारी भंगारवाल्याला देणार आहोत. शेरा या रकान्यात घरातून एक ओळ लिहवून घेतली गेली आहे: येणाऱ्या आजींना पत्ते खेळता आल्यास बरे.