ओ देणारी मोटार

बैलगाडीच्या काळांत जत्रेला गेलेल्या माणसाला आपली गाडी शोधण्याची फारशी चिंता नसे. बैलांच्या शिंगांचा रंग, गळ्यांतील घुंगरमाळेचा आवाज यांवरून ती दुरूनहि ओळखूं येई. आणि तेवढ्यानें भागलें नाहीं, तर धन्याची हाक ऐकून बैल मान वळवून पाहत. जनावर मुकें खरें, परंतु तें आपल्यापरी हाकेला ओ देत असे. मोटारीला हा गुण जन्मतः नाहीं. ती जेथें उभी केली तेथें मुकाट्यानें उभी राहते, आणि तिच्यासारख्याच शेंकडों मोटारींत ती कोणती हें धन्यालाच आठवावें लागतें.

ही अडचण केवळ मोठ्या शहरांतलीच आहे असें समजण्याचें कारण नाहीं. बीड जिल्ह्यांत परळी येथें वैद्यनाथाचें प्रसिद्ध देवस्थान आहे. परंपरेनें तें बारा ज्योतिर्लिंगांत गणलें जातें, आणि अठराव्या शतकांत अहिल्याबाई होळकर यांनीं त्याचा जीर्णोद्धार केला. महाशिवरात्रीला तेथें मोठी यात्रा भरते. श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, एक कुटुंब पहाटेच्या अंधारांत तेथें पोंचलें, एका मोकळ्या रानांत मोटार उभी करून दर्शनाच्या रांगेला लागलें, आणि दुपारीं परत आलें. सकाळीं शेजारीं असलेला ट्रॅक्टर निघून गेला आहे. जेथें मोकळी जागा होती तेथें आतां दुकानें मांडलीं आहेत. आंत येण्याची वाट एक होती, बाहेर पडण्याची दुसरीच निघाली. चोहोंकडे पांढऱ्या मोटारी, आणि पाटीवर पाहावें तों सर्वत्र बीडचे एमएच २३ किंवा अंबाजोगाईचे एमएच ४४ हेच आरंभींचे आंकडे! बरोबरच्या आजीबाईंना ऊन सोसत नाहीं, लहान मूल रडूं लागलें आहे, आणि घरचा कर्ता पुरुष धुळींतून या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडत आहे.

अशा वेळीं त्याला विसरभोळा म्हणून हिणविणें बरोबर नव्हे. मोटार उभी करणें ही क्रिया मनुष्य इतक्या वेळां करतो कीं, कालची जागा, परवांची जागा आणि आजची जागा यांच्या आठवणी एकमेकींवर चढतात. केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली यांनीं एका सहकाऱ्यासह १९९१ सालीं याच विषयावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सर्वांत अलीकडची जागा चांगली आठवते आणि मागच्या जागा क्रमानें पुसट होत जातात, असें त्यांस आढळून आलें. तेव्हां दोष बुद्धीचा नसून एकाच प्रकारच्या आठवणींच्या गर्दीचा आहे. या गर्दींतून वाट काढण्यासाठीं माणसानें जीं साधनें निर्माण केलीं, त्यांचा थोडा परिचय करून घेणें उपयुक्त होईल.

पहिलें साधन म्हणजे मोटारीची किल्लीच. आजकालच्या पुष्कळशा किल्ल्यांत एक लहानसें रेडिओ-प्रक्षेपक यंत्र असतें. कळ दाबली कीं त्यांतून बिनतारी लहरी निघतात, मोटारींतील ग्राहक यंत्र त्या ओळखतें, आणि दिवे लुकलुकतात किंवा भोंगा वाजतो. हरपलेली ओ माणसानें अशा रीतीनें परत मिळविली! चोरट्यानें या लहरींची नक्कल करून मोटार उघडूं नये, म्हणून प्रत्येक दाबण्याबरोबर पाठविलेला सांकेतिक आंकडा बदलत जातो, ही योजनाहि पुष्कळ किल्ल्यांत केलेली असते. परंतु या हाकेचा पल्ला बहुधा कांहीं दशक मीटरांचाच. मोटार रानाच्या कोणत्या बाजूला आहे हें ठाऊक असल्यास किल्ली उपयोगी पडते; बाजूच चुकली, तर हांक वाऱ्यावर विरते.

दुसरें साधन याहून पुष्कळ सूक्ष्म आहे, आणि तें आकाशांत आहे. त्याचें तत्त्व मात्र शाळेंतल्या भूमितीचेंच. एखादें गांव बीडपासून सरळ रेषेंत वीस किलोमीटरांवर आहे एवढेंच सांगितलें, तर तें बीडभोंवतीं काढलेल्या वर्तुळावर कोठेंहि असूं शकेल. तेंच गेवराईपासून पंचवीस किलोमीटरांवर आहे असें कळलें, तर दोन वर्तुळें जेथें छेदतात असे दोनच बिंदु उरतात. माजलगांवपासूनचें अंतर कळलें कीं एकच बिंदु निश्चित होतो. अंतरांवरून गणित करण्याची ही विद्या या भूमीला परकी नाहीं. ज्यांच्या ११५० सालच्या लीलावतींत काटकोन त्रिकोणाच्या बाजूंवरून अंतरें काढण्याचीं उदाहरणें आहेत, ते भास्कराचार्य आपलें गांव सह्याद्रीजवळचें विज्जडविड असें सांगतात. तें बीडच होय असें कांहीं विद्वानांचें मत आहे. दुसरे कांहीं तें चाळीसगांवाजवळील पाटणकडे शोधतात.

बीड, गेवराई आणि माजलगांव यांच्या जागीं आतां उपग्रह कल्पावे. अमेरिकेच्या जीपीएस योजनेंतील पहिला उपग्रह १९७८ सालीं सोडण्यांत आला आणि १९९५ सालीं ती योजना पूर्णपणें कार्यान्वित झाली. हे उपग्रह सुमारें वीस हजार दोनशें किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोंवतीं फिरतात आणि आपली वेळ व आपलें स्थान सारखे प्रक्षेपित करीत असतात. त्या लहरी येण्यास किती काळ लागला हें पाहून खिशांतला मोबाईल फोन प्रत्येक उपग्रहाचें अंतर काढतो. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर असल्यामुळें, घड्याळ सेकंदाच्या दशलक्षांश भागानें चुकलें तरी अंतर तीनशें मीटरांनीं चुकतें. म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळें असतात. आणि फोनचें साधें घड्याळ दुरुस्त करून घेण्यासाठीं तीनांऐवजीं निदान चार उपग्रह लागतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार उपग्रहावरील घड्याळ पृथ्वीवरील घड्याळापेक्षां दिवसास सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातें. ही चूक आधींच हिशेबांत धरली नाहीं, तर दिवसभरांत कित्येक किलोमीटरांचा घोटाळा होईल!

मे २००० पर्यंत सामान्य लोकांना मिळणारे संकेत अमेरिकन सरकार मुद्दाम पुसट करीत असे, त्यामुळें शंभर मीटरांपर्यंत चूक येई. ते बंधन उठल्यावरच उभी मोटार शोधण्याइतकी अचूकता घरोघर आली. आज मोकळ्या आकाशाखालीं साधारण फोन सुमारें पांच मीटरांपर्यंत जागा दाखवितो. भारतानेंहि १ जुलै २०१३ रोजीं आपला पहिला दिशादर्शक उपग्रह सोडला. पुढें त्याच्यावरील अणुघड्याळें बिघडून काम अडलें, तेव्हां या विद्येचा प्राण घड्याळांत आहे हें सर्वांस पटलें. २९ मे २०२३ रोजीं सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर देशांत घडविलेलें अणुघड्याळ बसविण्यांत आलें आहे.

आतां मोटारीची जागा नोंदविली कशी जाते? एक मार्ग असा कीं, उतरतांना चालकानें स्वतः फोनच्या नकाशावर खूण करावी. दुसरा मार्ग आपोआप घडतो. फोन आणि मोटार यांचा ब्लूटूथ या जवळच्या बिनतारी धाग्यानें संबंध जोडलेला असतो. मोटार बंद झाली कीं हा धागा तुटतो, आणि ज्या ठिकाणीं तो तुटला तें ठिकाण फोन टिपून ठेवतो. परततांना त्याच ठिकाणाकडे फोन बाण दाखवितो.

या साधनाच्या मर्यादाहि ध्यानांत ठेवाव्या. तळघरांतील गाडीतळांत उपग्रहाच्या लहरी नीट पोंचत नाहींत, आणि अनेक मजल्यांच्या इमारतींत मोटार कोणत्या मजल्यावर आहे हें नकाशावरचा ठिपका सहसा सांगत नाहीं. तेथें जवळच्या खांबावरील क्रमांकाचें छायाचित्र काढून ठेवणें हाच सोपा उपाय. यात्रेंत आणखी एक गोष्ट घडते. हजारों लोक एकदम फोन वापरूं लागल्यानें मनोऱ्यांवर ताण पडून नकाशा उघडत नाहीं. उपग्रहाचे संकेत मात्र फोन केवळ ऐकत असतो, त्याला मनोऱ्याची गरज नसते. म्हणून त्या भागाचा नकाशा घरूनच उतरवून घेतला असेल, तर गर्दींतहि काम अडत नाहीं. पण फोनची विजेरी संपली, तर सर्वच शास्त्र निरुपयोगी होतें.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा कीं, ही खूण कोणापाशीं असावी? पूर्वी बैलांची शिंगें घरांतील सर्वांस ठाऊक असत. सासूबाई, सून आणि मुलें यांपैकीं कोणीहि गाडीपाशीं पोंचूं शके. आतां मोटारीची जागा एकाच्याच फोनमध्यें राहते. गर्दींत तो फोन हरवला, किंवा चालकालाच भोंवळ आली, तर औषधाची पिशवी आणि पाणी मोटारींत, आणि मोटार कोठें हें कोणासच ठाऊक नाहीं, असा प्रसंग ओढवतो. यासाठीं खूण केल्यावर ती बरोबरच्या दुसऱ्या फोनवर लगेच पाठवावी. ज्या वडील माणसांपाशीं फोन नसतो, त्यांच्या हातीं मोटारीचा पूर्ण क्रमांक आणि जवळची ठळक खूण लिहिलेला कागद द्यावा. दोन मिनिटांचेंच काम, पण चुकामुक झाल्यास तोच कागद त्यांस पोलीस चौकीपर्यंत आणि तेथून घरच्यांपर्यंत पोंचवितो.

उलट, ज्यांचा कांहीं संबंध नाहीं त्यांच्या हातीं ही खूण पडणें घातक आहे. मोटार रोज कोठें उभी राहते याची नोंद म्हणजे माणसाची दिनचर्याच: दवाखाना कोणता, वकील कोणता, रात्रीं मुक्काम कोठें. ॲपल कंपनीनें एप्रिल २०२१ मध्यें किल्ल्या व सामान शोधण्यासाठीं एअरटॅग नांवाची लहानशी चकती विक्रीस आणली. परंतु कांहीं ठिकाणीं ती स्त्रियांच्या मोटारींत व पिशव्यांत लपवून त्यांचा माग काढण्याचे प्रकार घडले. शेवटीं मे २०२४ मध्यें ॲपल आणि गूगल या दोन्ही कंपन्यांनीं मिळून, अनोळखी चकती बरोबर येत असल्यास फोननेंच सूचना द्यावी अशी समाईक व्यवस्था केली. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. नवरा-बायको, भाऊ-बहीण यांनींहि एकमेकांच्या खाजगीपणाचा मान राखावा, हें सुशिक्षित घरांनीं विसरूं नये. मोटारीची जागा विचारून घेणें वेगळें आणि न सांगतां पाळत ठेवणें वेगळें.

तेव्हां घरोघरीं एक साधा नियम असावा. फोनमधील कोणत्या योजना आपली जागा टिपतात हें एकदां स्वस्थपणें बसून पाहावें आणि नको असतील त्या बंद कराव्या. मोटारींतून उतरल्यावर खूण करावी, ती बरोबरच्यांस सांगावी, आणि चालूं लागण्यापूर्वी एकदां मागें वळून झाड, विजेचा खांब, देवळाचें शिखर काय दिसतें तें पाहून ठेवावें. मुलांनाहि ही संवय लावावी. त्यांचे डोळे तीक्ष्ण असतात, आणि जबाबदारी दिली म्हणजे तीं ती आनंदानें सांभाळतात.