लेकरू घोरतं, म्हणजे गाढ झोपलंय का?



लेकरू घोरायला लागलं की आपण म्हणतो, "दमलंय बिचारं, गाढ झोपलंय." सर्दी झाली की दोन-चार दिवस कुणीही घोरतं, त्याची काळजी नको. पण सर्दी नसतानाही ते आठवड्यातून तीन-चार रात्री घोरत असेल, मध्येच श्वास थांबत असेल आणि मग दचकून श्वास घेत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. लहान मुलांत याचं नेहमीचं कारण म्हणजे वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागची ॲडिनॉइडची गाठ.

याच्या खुणा दिवसाही दिसतात. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, सकाळी डोकं दुखणं, वर्गात पेंगणं, नाहीतर उलट चिडचिड करणं. काही लेकरांचं वजन वाढत नाही, काही पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात. आपण त्यांना आळशी म्हणतो, रागावतो. त्यात लेकराचा काय दोष?

साक्री-शिरपूरकडच्या आपल्या आदिवासी समाजात सिकलसेल आहे. झोपेत प्राणवायू कमी पडला की सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि त्रास वाढतो. म्हणून सिकलसेलचं लेकरू घोरत असेल तर अजिबात थांबू नका.

आपली पुष्कळ मुलं आश्रमशाळेत झोपतात. तेव्हा भेटायला गेलात की अधीक्षकांना विचारा, "सर, आमचा पोरगा रात्री कसा झोपतो?" सुट्टीत तो घरी आला की एक रात्र जागून पाहा आणि मोबाइलवर दोन मिनिटं चित्रीकरण करून ठेवा. डॉक्टरांना सांगताना शब्द सुचले नाहीत, तर ते दाखवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांना सांगा. पण त्रास जास्त असेल तर पथकाची वाट पाहू नका. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. त्रास सौम्य असेल तर औषध देतात. गाठी फार वाढल्या असतील तर शस्त्रक्रिया करतात आणि बहुतेक लेकरांना आराम पडतो.

मंडळीतल्या बंधुभगिनींना एकच विनंती. पाड्यावरच्या आईला धुळ्याचं मोठं रुग्णालय परकं वाटतं. तिच्याबरोबर एक दिवस जा, केसपेपर काढून द्या, रांगेत तिच्याशेजारी उभे राहा.

आज रात्री दिवा मालवण्याआधी लेकराच्या उशाशी थोडा वेळ बसा आणि त्याचा श्वास ऐका.