हिरवळीवरचें अडेलतट्टू यंत्र

पहिल्या पावसानें हिरवळ माजते, आणि उन्हाळाभर कोपऱ्यांत पडून असलेलें, पेट्रोलवर चालणारें गवत कापण्याचें यंत्र बाहेर निघतें. दोरी दहा वेळां ओढली तरी तें सुरू होत नाहीं. बाग राखणाऱ्या श्रोत्यांस हा प्रसंग नवा नसेल. अशा वेळीं उतावीळ गृहस्थ यंत्र कलतें करून पात्याला हात घालतो, आणि खरा धोका तेथेंच असतो. पातें फिरविलें कीं दट्ट्याही हलतो, सिलिंडरांत उरलेलें पेट्रोल पेटूं शकतें आणि बोटें गमावण्याची पाळी येते. म्हणून सर्वांआधीं स्पार्क प्लगची तार काढून दूर ठेवावी.

इंजिनास इंधन, हवा आणि ठिणगी हवी. दोषाचा शोधही याच क्रमानें घ्यावा. बहुधा अपराधी ठरतें तें शिळें पेट्रोल. त्यांतील हलका अंश उडून जातो व चिकट साका कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. आज भारतांतील पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. इंजिन थंड असतांना जुनें पेट्रोल काढून ताजें भरावें. मग हवेचा फिल्टर झाडावा. शेवटीं प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर इंधनाची वाट तुंबली आहे. ओला असेल तर इंधन पोहोंचतें आहे, तेव्हां तो पुसून ठिणगीकडे लक्ष द्यावें.

पावसाळा सरतांना टाकी रिकामी करून, उघड्यावर, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालविणाऱ्यास पुढील मृगांत दोरीशीं झटावें लागत नाहीं.