शाल, श्रीफळ आणि सेवापुस्तक



व्याख्यानमालेच्या चालकांनी विद्यापीठासंबंधी बोलावयास सांगितले, तेव्हा आम्हांला थोडा संकोच वाटला. या विषयावर बोलणारे बहुतेक वक्ते विद्यापीठात शिकलेले तरी असतात किंवा शिकविणारे तरी. आम्ही विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी कधी चढलो नाही. चढलो ते सेवकांच्या मागण्यांचे निवेदन हाती घेऊन. आम्हांला विद्यापीठ दिसले ते मागच्या दाराने. पण घराची खरी हकीकत पुष्कळदा मागच्या दारीच कळते, म्हणून हे निमंत्रण आम्ही स्वीकारले.

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केली, हे आपण जाणताच. हेच रानडे 1862 साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. च्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. त्या परीक्षेच्या खोलीत ज्यांनी मेजे मांडली, कागद मोजून दिले, निकालाच्या प्रती लिहून काढल्या, त्यांची नावे मात्र आमच्या वाचनात कोठे आली नाहीत. आज अशा लोकांना आपण ‘शिक्षकेतर’ म्हणतो. शब्द सरकारी आहे, सोयीचाही आहे. पण शेतकऱ्याला कोणी ‘व्यापारीतर’ म्हणत नाही! माणूस काय करतो हे न सांगता तो काय नाही एवढेच सांगणारा हा शब्द आहे, आणि आमच्या आजच्या विषयाचे मूळ त्यातच आहे.

हे लोक करतात तरी काय? आपल्या मुलीची एक उत्तरपत्रिका घ्या. परीक्षा संपली की ती गठ्ठ्यात बांधली जाते, तिची संख्या हजेरीपटाशी ताडून पाहिली जाते, तिचा बैठक क्रमांक झाकून तिला सांकेतिक क्रमांक दिला जातो. मग ती प्राध्यापकांपुढे जाते. गुण मिळाल्यावर ते नोंदणे, पडताळणे, क्रमांक पुन्हा जुळविणे, गुणपत्रिका छापणे, हा परतीचा प्रवास. प्राध्यापकाचा तिच्याशी संबंध काही मिनिटांचा. बाकीचे सर्व दिवस ती ज्यांच्या हाती असते, ते शिपाई, दप्तरी, लिपिक, कक्ष अधिकारी. पुरवणी सुटी झाली तर काय करावयाचे, एका केंद्राचा गठ्ठा उशिरा आला तर कोणते काम आधी उरकावयाचे, हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नाही. ते या माणसांच्या हातात आणि डोक्यात आहे.

आम्हां संघटनावाल्यांची अशी ख्याती आहे की आम्ही प्रत्येक बदलाला विरोध करतो. ती खरी नाही. हाताने बेरजा करून निकाल लावण्याचे दिवस कोणाला परत हवे आहेत? आमचे म्हणणे इतकेच की बदल करावयाचा तर ज्यांच्या हातून काम होते त्यांना आधी विचारा. न विचारल्यास काय होते, याचा धडा 1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये साऱ्या महाराष्ट्राला घालून दिला.

त्या वर्षी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरले. कल्पना वाईट नव्हती. पण एखाद्या विद्याशाखेत वर्षभर अनुभव घेऊन मग पुढे जाण्याऐवजी एकाच वेळी सर्व परीक्षा, 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, नव्या पद्धतीत लोटण्यात आल्या. परीक्षा मार्चमध्ये सुरू झाल्या, आणि काम करणारी कंपनी नक्की झाली ती एप्रिलच्या अखेरीस. परिणाम आपणांस आठवत असतील. कित्येक उत्तरपत्रिका कोणाच्या, हेच जुळेना. जुलैमध्ये वर्ग बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीस बसवावे लागले. नागपूर विद्यापीठातून मदत मागवावी लागली. निकाल 45 दिवसांच्या आत लावावा असे सांगणारा नवा कायदा त्याच वर्षी अमलात आला होता. पण शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. दरम्यान ज्या मुलांचे पुढचे प्रवेश हुकले, त्यांचे ते वर्ष कोणी परत दिले नाही. गठ्ठा बांधणाऱ्या माणसाला ‘हे इतक्या दिवसांत होईल का?’ एवढा प्रश्न वेळेवर विचारून त्याचे उत्तर कोणी मनावर घेतले असते, तर पुष्कळ अनर्थ टळला असता असे आम्हांला वाटते.

दुसऱ्या प्रकारचा बदल म्हणजे विभाजन. पुणे विद्यापीठातून खानदेश वेगळा होऊन 1990 मध्ये जळगावचे विद्यापीठ झाले. 1962 च्या शिवाजी विद्यापीठातून सोलापूर जिल्हा वेगळा होऊन 2004 मध्ये सोलापूरचे झाले. गावोगावच्या विद्यार्थ्यांची सोय झाली, हे चांगलेच झाले. पण अशा वेळी नकाशावर रेघ ओढणे सोपे, दप्तर वाटणे कठीण. कोणाचे अभिलेख कोठे राहतील, जुन्या पदवीची दुय्यम प्रत कोण देईल, कोण सेवक कोठे जाईल, त्याची ज्येष्ठता कशी धरली जाईल, हे प्रश्न उद्घाटनाच्या भाषणात येत नाहीत. ते मिटवितो तो दप्तरखान्यातील माणूस.

आता सन्मानाविषयी. विद्यापीठांच्या वर्धापनदिनी गुणवंत सेवकांचा सत्कार होतो. ही प्रथा स्तुत्य आहे. सत्काराच्या दिवशी त्या सेवकाची मुले पहिल्या रांगेत बसलेली आम्ही पाहिली आहेत, आणि त्या आनंदाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु एका विद्यापीठातील गोष्ट सांगतो. नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथे जुन्या गुणनोंदवह्यांच्या खोलीत एक दप्तरी होते. कोणत्या वर्षाची वही कोणत्या फळीवर, हे ते डोळे मिटून सांगत. वह्या संगणकावर चढविण्याचे काम निघाले, तेव्हा त्यांना कोणी बैठकीस बोलाविले नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल व श्रीफळ मिळाले, भाषणे झाली. पुढे दोन महिने त्यांना रोज कार्यालयातून फोन येत होता: ‘काका, अमुक सालची वही कोठे आहे हो?’ त्यांच्या सेवापुस्तकात मात्र या ज्ञानाची एक ओळही नव्हती.

सन्मान करावयाचा तर तो सेवापुस्तकात उतरला पाहिजे. एखाद्या लिपिकाने कामाची सुधारित रीत बसविली, तर ती त्याच्या नावाने नोंदवा. नवी पद्धत ठरविणाऱ्या समितीत त्या कामाचा सेवक घ्या, आणि त्याचे मत इतिवृत्तात लिहा. तिसरी गोष्ट पगाराची. ती बोलताना आम्ही लाजत नाही. 2023 च्या फेब्रुवारीत राज्यभरच्या शिक्षकेतर सेवकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला आणि कित्येक ठिकाणी परीक्षा पुढे गेल्या. त्यांची एक प्रमुख मागणी सुधारित आश्वासित प्रगती योजनेची होती. 10, 20 व 30 वर्षांच्या सेवेनंतर, वरची जागा रिकामी नसली तरी, वरची वेतनश्रेणी मिळावी, असे ती योजना सांगते. तीस वर्षे एकाच मेजावर इमानाने काम करणाऱ्याची दाद घेण्याची याहून साधी रीत कोणती?

हा प्रश्न आजचाच आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवी रचना आली. विषयांची निवड वाढली, श्रेयांकांचे हिशेब आले. प्रत्येक नवा पर्याय म्हणजे कार्यालयात एक नवी नोंद. रिकाम्या जागा न भरता, किंवा कंत्राटी माणसे बदलत ठेवून, हे हिशेब अचूक राहतील अशी अपेक्षा करणे म्हणजे पाया न खणता मजले चढविणे होय.

आपण नागरिकांनी यात काय करावे? आपल्यापैकी जे पदवीधर आहेत त्यांनी विद्यापीठाकडे आपली नोंदणी करावी. नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर 10 प्रतिनिधी निवडून देतात. मते मागावयास येणाऱ्या उमेदवाराला इमारती किती बांधणार हे अवश्य विचारा. पण परीक्षा विभागात किती जागा रिकाम्या आहेत आणि गेल्या बदलाच्या वेळी तेथील सेवकांना कोणी विचारले होते, हेही विचारा. आपल्या मुलांच्या गुणपत्रिका त्याच विभागातून येतात.