बोलणी कुणाशी करायची?

(उद्योगांतील व्यवस्थापक आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते यांच्या एकत्रित मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आणि उजव्या व डाव्या बाजूला बसलेल्या बंधुभगिनींनो,

उजव्या आणि डाव्या असे मी मुद्दाम म्हणालो. आपण सभागृहात आलात तेव्हा कुणी कुठे बसावे हे कुणीही सांगितले नव्हते. तरीही व्यवस्थापक मंडळी एका बाजूला बसली, संघटनेचे कार्यकर्ते दुसऱ्या बाजूला, आणि मधली वाट रिकामी राहिली. यातून कुणी राजकीय अर्थ काढू नये. खुर्च्यांची दिशा आयोजकांनी ठरवली आहे, इतकेच.

मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही. कला शाखेतून पदवी घेऊन वृत्तपत्रात आलो आणि कामगार वार्ता माझ्या वाट्याला आल्या. त्या काळात संपाची बातमी लिहिण्याचा एक ठरलेला साचा होता : मागणी किती, देऊ केले किती, फरक किती. वाचकालाही तेवढेच पुरत असे. परंतु इतक्या वर्षांनी मागे वळून पाहताना जाणवते की जे संघर्ष खरोखर विकोपाला गेले, त्यांच्या मुळाशी रुपयांचा फरक क्वचितच होता. रुपयांच्या फरकावर मध्यबिंदू काढता येतो. मध्यबिंदू निघत नाही तो दुसऱ्याच प्रश्नावर. कामगारांच्या वतीने बोलणार कोण, आणि ते ठरवणार कोण?

हा प्रश्न मुंबईच्या पहिल्या गिरण्यांइतकाच जुना आहे. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापड गिरणीची उभारणी आरंभली. त्यानंतर तीन दशकांत हजारो माणसे कोकणातून व घाटावरून येऊन यंत्रांसमोर उभी राहिली. त्यांना आठवड्याची सुट्टी नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले आणि गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. लोखंडे स्वतः एका गिरणीत भांडारपालाचे काम केलेले गृहस्थ होते. आजच्या भाषेत ते यंत्रावरचे नव्हे, कार्यालयातले. पुढे रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. निवेदनापासून सुट्टीपर्यंत सहा वर्षे गेली, आणि मागणी होती केवळ आठवड्यातून एका दिवसाच्या विश्रांतीची! त्या निवेदनाला जे उत्तर पदोपदी मिळाले ते आजही आपल्या परिचयाचे आहे : हे लोखंडे कोण, आणि त्यांना कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणी दिला?

आता १९८२ कडे येऊ. त्या वर्षीच्या १८ जानेवारीला मुंबईच्या सुमारे साठ गिरण्यांतील जवळपास अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातील बरेचसे डॉ. दत्ता सामंत या एका व्यक्तीभोवती फिरते. कुणाला ते कामगारांचे तारणहार वाटतात, कुणाला गिरण्या बुडवणारे. परंतु ज्या कायद्यामुळे कामगार त्यांच्याकडे गेले, त्या कायद्याची चर्चा फारशी होत नाही.

मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ असा तो कायदा. एका उद्योगात, एका क्षेत्रात एकच प्रातिनिधिक संघटना, हे त्याचे तत्त्व. एक चतुर्थांश कामगार आपले सदस्य आहेत असे दाखवता आले की संघटनेला ही मान्यता मिळे आणि मग मालकांनी तिच्याशीच बोलायचे. मुंबईच्या कापड उद्योगात ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती आणि तो संघ सत्ताधारी काँग्रेसच्या छायेत होता. मूळ हेतू वाईट नव्हता. दहा संघटनांशी दहा करार करण्यापेक्षा एकीशीच करावा, असा तो विचार. परंतु प्रत्यक्षात एक चतुर्थांशांच्या नावाने उरलेल्या तीन चतुर्थांशांचे तोंड बंद झाले. सदस्यत्व नोंदवह्यांवरून ठरे, गुप्त मतदानाने नव्हे. बोनसच्या प्रश्नावर कामगार संतापले तेव्हा त्यांना आपल्याच प्रतिनिधींविरुद्ध दाद मागण्याचा कायदेशीर मार्ग उरला नव्हता. ते डॉ. सामंतांकडे गेले, कारण अभियांत्रिकी कारखान्यांत सामंतांनी मोठ्या वेतनवाढी मिळवून दिल्या होत्या आणि ते त्या कायद्याला जुमानत नव्हते. संपाच्या मागण्यांत वेतनवाढ होती, बदली कामगारांचा प्रश्न होता, आणि हा कायदा रद्द करावा ही मागणीही होती. शासनाने आणि मालकांनी पैशाविषयी कदाचित बोलणी केली असती. ‘सामंतांशी बोलणार नाही’ हा मात्र त्यांचा अखेरपर्यंतचा निर्धार होता.

माझे मत स्पष्ट सांगतो. डॉ. सामंतांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण ज्याला परतीची वाट ठेवता येत नाही, त्याने अडीच लाख कुटुंबांना पुढे नेऊ नये. अभियांत्रिकी कारखान्याचा मालक संपाने हैराण होतो, कारण त्याचा माल अडतो. गिरणी मालकांची स्थिती वेगळी होती. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होते. कित्येक गिरण्यांची यंत्रे कालबाह्य झाली होती, मालकांनी वर्षानुवर्षे त्यांत गुंतवणूक केली नव्हती, आणि काहींना तर संप ही इष्टापत्ती वाटली. शत्रूला ज्याची भीती नाही ते शस्त्र उगारून उपयोग काय? तो संप अधिकृतपणे कधीही मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला. कामगार परत आले ते थोडे, तुकड्यातुकड्यांनी. अनेक जण सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणातील गावी गेले ते कायमचे. गावाकडून आलेल्या धान्यावर आणि उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांच्या जिवावर हा संप इतका लांबला, ही गोष्ट कामगार चळवळीच्या इतिहासात एका वाक्यात उरकली जाते. त्या बायकांची उधारी कुणी फेडली, याचा हिशेब कुठल्याही करारात नाही.

पुढचे आपण जाणता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले : महापालिकेला, गृहनिर्माण प्राधिकरणाला आणि मालकाला. २००१ साली नियमात असा बदल झाला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. उभ्या गिरणीखालची जमीन हिशेबातून वगळली गेली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो बदल वैध ठरवला. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी. जमिनीचा भाव ठरत होता त्या टेबलावर कामगाराच्या वतीने बसलेला कुणीही नव्हता.

आता हरियाणातील मानेसरकडे वळतो. मारुती सुझुकीच्या तेथील कारखान्यात २०११ च्या जूनमध्ये संप झाला. तरुण कामगार, बहुतेक आसपासच्या जिल्ह्यांतून औद्योगिक प्रशिक्षण घेऊन आलेले. कामाचा वेग जीवघेणा आहे, चहाला साडेसात मिनिटे मिळतात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. मुख्य मागणी मात्र एकच : गुरगावच्या जुन्या संघटनेऐवजी आम्हाला आमची संघटना हवी. व्यवस्थापनाने ऑगस्टमध्ये ‘सद्वर्तनाचे हमीपत्र’ लिहून दिल्याखेरीज आत येऊ देणार नाही असे सांगितले. वर्षभर ताणाताणी झाली. २०१२ च्या आरंभी नवी संघटना नोंदली गेली. आणि १८ जुलै २०१२ रोजी एक कामगार व एक पर्यवेक्षक यांच्यातील वादातून हिंसाचार उसळला, आग लागली, मनुष्यबळ विभागाच्या महाव्यवस्थापकांचा त्यात मृत्यू झाला. अनेक अधिकारी जखमी झाले.

येथे थोडे थांबतो. त्या मृत्यूविषयी ‘परंतु’ लावून बोलणारे लोक मी ऐकले आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. २००८ साली ग्रेटर नोएडातील एका कारखान्याच्या मुख्य अधिकाऱ्याची बडतर्फ कामगारांच्या जमावाने हत्या केली, तेव्हा तत्कालीन केंद्रीय कामगार मंत्र्यांनी ही घटना व्यवस्थापनांसाठी इशारा ठरावी अशा आशयाचे उद्गार काढले आणि नंतर त्यांना क्षमा मागावी लागली. हत्या हा वाटाघाटीचा भाग होऊ शकत नाही. मात्र त्याच न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मानेसर प्रकरणी मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी १३ जणांना जन्मठेप दिली, आणि ११७ जणांना निर्दोष सोडले. त्या ११७ पैकी कित्येक जण वर्षानुवर्षे तुरुंगात होते. ५४६ कायम कामगारांना आधीच काढून टाकण्यात आले होते. एका माणसाचे प्राण गेले, आणि शेकडो घरे उद्ध्वस्त झाली, ज्यांचा त्या आगीशी संबंध सिद्ध झाला नाही.

कामगार आणि व्यवस्थापन हे जन्मजात वैरी आहेत, हा विचार आपल्याकडे पाश्चात्त्य ग्रंथांतून आला आणि त्याने बरेच नुकसान केले. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली ती हा विचार नाकारूनच. परंतु त्याला पर्याय म्हणून व्यवस्थापक मंडळी ‘आपण सारे एक कुटुंब’ असे जे म्हणतात, ते मला तितकेच संशयास्पद वाटते. कोणत्या कुटुंबात धाकट्या भावाला अकरा महिन्यांच्या करारावर ठेवतात? ठेंगडींनी कुटुंबभावनेबरोबर उद्योगांच्या श्रमिकीकरणाचा, म्हणजे मालकीत व निर्णयात श्रमिकाच्या वाट्याचा आग्रह धरला होता. उद्योजकांच्या व्यासपीठांवर पहिला भाग आवडीने उद्धृत होतो. दुसरा कुणाला आठवत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेने वाटाघाटीसाठी ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला मान्यता दिली आहे. तसा पाठिंबा कुणालाच नसेल तर २० टक्क्यांच्या निकषावर प्रतिनिधी परिषद. एक चतुर्थांशाच्या जुन्या नियमापेक्षा हे निःसंशय पुढचे पाऊल आहे. मजदूर संघाने वेतन आणि सामाजिक सुरक्षा या दोन संहितांचे स्वागत केले व उरलेल्या दोहोंवर आक्षेप घेतले, तेही नोंदले पाहिजे. माझी शंका वेगळी आहे. ५१ टक्के, पण कुणाचे? हजेरीपटावरच्या कामगारांचे. आणि आज संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी ४० टक्क्यांहून अधिक कंत्राटी आहेत. एकाच यंत्रासमोर दोघे उभे असतात, एकाचे नाव कंपनीच्या पटावर, दुसऱ्याचे कंत्राटदाराच्या. पहिल्याला मत आहे. दुसऱ्याने मत द्यायचे कुठे? १९४६ च्या कायद्याने तीन चतुर्थांशांना बाहेर ठेवले, तसेच हे उद्या होणार नाही याची काळजी आजच घ्यायला हवी. आणि डाव्या बाजूच्या मित्रांनो, कटू वाटेल, पण कंत्राटी कामगाराला सदस्य करून घेण्यात कायम कामगारांच्या कित्येक संघटनांनीच टाळाटाळ केली आहे.

उजव्या बाजूशी दोन शब्द. आपण स्वतःला ‘व्यवस्थापन’ म्हणवता, परंतु आपल्यापैकी बहुतेक जण मालक नाहीत, पगारदार आहात. मानेसरला ज्यांचे प्राण गेले तेही पगारदारच होते. ज्या निर्णयांचा राग त्यांच्यावर निघाला ते सगळे त्यांनी एकट्याने घेतले असतील असे मला वाटत नाही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या उद्योगातून एका दुपारी काढून टाकलेले वरिष्ठ अधिकारी माझ्याकडे आले होते. उद्योगाचे नाव सांगत नाही. वीस वर्षे त्यांनी संघटनांशी करार केले होते, आणि उत्तम केले होते. त्यांनी विचारले, “माझी तक्रार नेमकी कुणाकडे नोंदवायची?” पर्यवेक्षक व व्यवस्थापक कायद्याच्या ‘कामगार’ व्याख्येत बसत नाहीत, हे ते माझ्यापेक्षा अधिक जाणत होते. त्यांच्या वतीने बोलणारे कुणीही नव्हते. त्यांच्या निरोपाला कारखान्याच्या फाटकावर आले ते संघटनेचे जुने सरचिटणीस, ज्यांच्याशी त्यांचे आयुष्यभर भांडण होते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. मागच्या रांगेत उभे असलेले, ओळखपत्राला वेगळ्या रंगाची फीत असलेले तरुण कंत्राटी कामगार आहेत असे मला सांगण्यात आले. अध्यक्षांची अनुमती असेल तर पहिला प्रश्न त्यांच्याकडून घ्यावा.