कबुलीचे मोल
(दहिसर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय खेळाचा असला तरी तो क्रीडांगणापुरता नाही. एखादा नामवंत खेळाडू निषिद्ध औषध आपल्या शरीरात गेल्याचे चारचौघांत कबूल करतो, तेव्हा ती वार्ता आपल्या वर्गातील मुलांच्याही कानी पडते. ‘गुरुजी, तो खेळाडू वाईट आहे का?’ असा प्रश्न एखादे मूल विचारते. त्या प्रश्नाला आपण काय उत्तर द्यावे, याचा विचार करावयाचा आहे.

उदाहरण दूर शोधावयास नको. ज्या पश्चिम रेल्वेमार्गावर हे दहिसर आहे, त्याच मार्गावर पुढे विरार लागते. तेथील पृथ्वी शॉ हा मुलगा वडिलांबरोबर लोकलगाडीने वांद्र्याकडे सरावास जात असे. २०१३ साली, नुकतेच चौदावे वर्ष पूर्ण झालेल्या या मुलाने हॅरिस शील्ड स्पर्धेत बोरिवलीच्या एका शाळेविरुद्ध एका डावात ५४६ धावा काढल्या. २०१८ साली त्याच्या नेतृत्वाखाली भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी राजकोट येथे पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा केल्या.

२२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूर येथील सामन्याच्या वेळी त्याच्या मूत्राचा नमुना घेण्यात आला. त्यात टर्ब्युटॅलीन हे द्रव्य आढळले. श्वासनलिका सैल करून दम व खोकला कमी करणारे हे औषध आपल्याकडील काही खोकल्याच्या औषधांत असते. परंतु खेळाडूंसाठी ते निषिद्ध द्रव्यांच्या यादीत आहे. खोकल्यासाठी घेतलेल्या औषधातून ते अजाणता पोटात गेले, हे त्याचे म्हणणे क्रिकेट नियामक मंडळाने मान्य केले. तरीही त्याला आठ महिने खेळण्यास बंदी केली. नियमानुसार हा काळ मागील तारखेपासून, म्हणजे १६ मार्चपासून १५ नोव्हेंबरपर्यंत धरण्यात आला. ३० जुलै रोजी त्याने जाहीर निवेदन करून हा निर्णय शिरोधार्य मानला आणि साधे औषध घेतानाही खेळाडूने अत्यंत दक्ष राहावे, असे इतरांना सांगितले. त्या वेळी त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते.

हेतू निर्मळ होता, तर शिक्षा का, असे आपल्याला वाटेल. याचे कारण असे की, आपल्या शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूची स्वतःची, हे या नियमाचे मूळ तत्त्व आहे. औषध खरोखरच आवश्यक असेल तर वैद्यकीय कारणासाठी रीतसर सूट मागता येते. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर सुटका होऊ लागली, तर जाणूनबुजून फसविणाराही तेच शब्द उच्चारील. मात्र हेतूचा विचार शिक्षेचे मान ठरविताना होतो, आणि तो येथे झाला.

याच्या उलट दोन उदाहरणे पाहा. अमेरिकेची धावपटू मेरियन जोन्स हिने २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पाच पदके मिळविली. कित्येक वर्षे तिने उत्तेजक द्रव्य घेतल्याचे नाकारले आणि २००७ साली न्यायालयापुढे सत्य सांगितले. पदके परत करावी लागली. चौकशी अधिकाऱ्यांशी खोटे बोलल्याबद्दल कारावासही घडला. रिले शर्यतीत तिच्याबरोबर धावलेल्या सोबतिणींची पदकेही २००८ साली काढून घेण्यात आली. ती त्यांच्याकडेच राहावीत असा निर्णय क्रीडा-लवादाने २०१० साली दिला. एकीच्या असत्याची झळ इतरांना किती काळ सोसावी लागते, ते येथे दिसते. दुसरे उदाहरण सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचे. सात वेळा ‘टूर द फ्रान्स’ जिंकल्याचा त्याचा मान २०१२ साली काढून घेतला गेला आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत कबुली दिली. तोवर खरे बोलणाऱ्यांनाच त्याने खोटे ठरविले होते. जेव्हा लपविण्यासारखे काही उरत नाही, तेव्हा दिलेली कबुली ही कबुली असली, तरी तिचे मोल उणे असते.

म्हणून मुलाच्या प्रश्नाला ‘तो वाईट’ किंवा ‘तो बिचारा’ असे एका शब्दात उत्तर देऊ नये. काय घडले, जाणून घडले की अजाणता, आणि उघड झाल्यावर तो कसा वागला, हे तीन प्रश्न मुलांपुढे ठेवावेत आणि निवाडा त्यांना करू द्यावा. बंदी संपताच, १७ नोव्हेंबर २०१९ रोजी, पृथ्वी मुंबईकडून पुन्हा खेळला आणि त्याने ६३ धावा केल्या, हेही त्यांना सांगावे. शिक्षा भोगल्यानंतर परत येण्याची वाट मोकळी असते, हे मुलांना समजले पाहिजे.

परंतु बंधुभगिनींनो, केवळ सांगून हे साधणार नाही. पाटी फोडल्याचे जे मूल आपण होऊन सांगते त्याला छडी, आणि जे गप्प बसते ते सहीसलामत, असा न्याय वर्गात चालला, तर मुले त्यातून एकच धडा घेतात. नुकसान भरून देणे आवश्यक आहे. पण खरे बोलल्याबद्दल अपमान होऊ नये. तसेच सामन्याच्या दिवशी कोणी ‘ताकदीची गोळी’ किंवा पूड आणून दिली, तर ती मुलाच्या हाती पडू देऊ नये. आजारी मुलाला औषध वैद्याच्या सल्ल्यानेच मिळावे, हा नियम खेळाडूइतकाच प्रत्येक मुलाच्या हिताचा आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. शालेय स्पर्धांत लहान गटात खेळता यावे म्हणून मुलाचे वय कमी दाखविण्याचा आग्रह पालकांकडून, क्वचित गावातील वजनदार मंडळींकडूनही होतो. शाळेची ढाल गावात यावी ही इच्छा स्वाभाविक आहे. तथापि जनरल रजिस्टरातील जन्मतारीख ज्याच्या हातून बदलते, तो शिक्षक त्या मुलाला अप्रामाणिकपणाचा पहिला घोट पाजतो. पुढे कोणी त्याला सुई टोचून घ्यावयास सांगितले, तर नाही म्हणण्याचे बळ त्याने कोठून आणावे? शिवाय त्या बनावट दाखल्यामुळे दुसऱ्या गावचे एक खरे लहान मूल हरलेले असते, आणि त्याला आपण का हरलो हे कधीच कळत नाही.

अशा वेळी ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. एकशिक्षकी शाळेत गावाचा रोष एकट्यालाच सोसावा लागतो. म्हणून केंद्रातील सर्व शिक्षकांनी एकत्र बसून ठरवावे की, आमच्या शाळांच्या दाखल्यावर खरीच तारीख असेल, मग ढाल कोणत्याही गावी जावो. एकट्याचे ‘नाही’ गावाला हट्ट वाटते. दहा जणांचे ‘नाही’ हा नियम होतो.

पुढील स्पर्धांच्या याद्या तयार होण्यापूर्वीच हे ठरवावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.